वीरगाथेचे दोन श्रेयांक

हॅलो?… हो, मीच, बुरुल. एजे, मोठी बहीण ना तू, आधी ऐक. आई बोरसोक तळतेय का?… मग थांबव तिला. कढई खाली उतरव म्हणावं… अगं, पदवी मिळतेय की नाही तेच अजून नक्की नाही, मेजवानी कसली घालताय?

नापास नाही गं… ऐक तरी. लेखाशास्त्र झालं, संख्याशास्त्र झालं, प्रकल्प व्यवस्थापनात वर्गात पहिली. पदवीला दोनशे चाळीस श्रेयांक लागतात, माझे भरले दोनशे अडतीस… वीरगाथा. हो, तोच विषय. सगळ्यांना सक्तीचा, व्यवसाय आणि तंत्रज्ञानवाल्यांनासुद्धा.

हसू नकोस ना… मला वाटलं, घरात आजोबा गाथा गाणारे, आपण पाळण्यापासून ऐकतोय, तासाला कशाला बसायचं? पहिल्या वर्षी नाव नोंदवलं आणि तिकडे फिरकलेच नाही… बरोबर, दिव्याखाली अंधार. बोल अजून.

आज दुपारी चारला कळलं. आणि पदवीची यादी कार्यालयाच्या खिडकीवर आजच पाचला बंद. तशीच धावत सागिनबेक सरांकडे गेले. म्हणाले, एक प्रसंग म्हणून दाखव. मी काय केलं असेल?… नाही, लॅपटॉप उघडला. वीराच्या सैन्याला रसद कशी पोचली, त्याचे तक्ते… तुला हसायला काय जातंय? सर म्हणाले, "बाळ, गाथा बघत नाहीत, ऐकतात."

मग डोळे मिटले… आणि एजे, आजोबांचा आवाज कानात आला. कुरणावर असताना लागायचा ना, तो. तोंड आपोआप सुरू झालं. घोडा, नदी, लढाई… किती वेळ काय, पाऊण तास. मला थांबताच येईना. आणि गाणाऱ्याला मध्ये तोडत नाहीत, म्हणून सर बिचारे बसून. त्यांचा चहा गार. पाच वाजले, पाच दहा झाले…

हो ना, खिडकी बंद व्हायची. पण खिडकीवरच्या बाईच यादी न्यायला वर आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या. डोळे पुसत होत्या… तुझी शपथ. आता त्यांच्याच खिडकीपाशी आहे. सरांची सही झालीय, माझी राहिलीय. बाई वही शोधतायत. कढई खालीच असू दे, सही होईपर्यंत…

कोण, आजोबा? नको, ओरडतील… बरं, दे.

आजोबा, मी… हो, म्हटली… हो, त्याच व्यवस्थापनाच्या पदवीसाठी. मेंढ्या नाहीत, मग राखता काय असं तुम्ही विचारलं होतंत, तीच… म्हटलं की, घोड्याचं सगळं म्हटलं… खुरांचं?… खुरांचं राहिलं. चुकलं… आत्ता नको, आजोबा, मी खिडकीशी उभी—

हं…

हं…

बाई, हळू. आजोबा म्हणतायत, मध्ये कसं तोडू?… स्पीकरवर?… लावते.

हं, आजोबा… हं…

कुठे करू सही?… इथे? खाली पण?… झाली. बाई, झाली ना?… दोनशे चाळीस?… हं, आजोबा, ऐकतेय, हं…

हॅलो?… आजोबा?… हॅलो?… गेली लाइन. त्या डोंगरात हे असंच.

काय म्हणता, बाई?… पुढचं? थांबा, आधी घरी दोन शब्द टाकते… कढई चढवा.

हं. बसा आता. खुरांपासून घेते.