चव उत्तम

मंडळी, मला एक सांगा — न चाखता ‘गोड आहे’ म्हणणारा माणूस खोटारडा म्हणायचा की भला?

हल्ली एक इंग्रजी शब्द जिथं तिथं ऐकू येतो. अप्रूव्ह! साहेब अप्रूव्ह करतो, सूनबाई मोबाइलवर बोट टेकवून अप्रूव्ह करते. शब्द मूळचा लॅटिन बरं का! त्याच्या मुळाशी अर्थ आहे, पारखून बघणं आणि खरं उतरलं तर चांगलं म्हणणं. आधी पारख, मग होकार! आपण पारख गाळली. होकार तेवढा ठेवला — फुकट असतो ना!

ऐका तर मग. करंजखेड्याची शाळा. पोरांना दुपारी खिचडी. नियम असा, की पोरांच्या आधी गुरुजींनी घास खायचा, वहीत चव लिहायची, सही करायची. खरमाटे गुरुजी, माणूस देवभोळा. त्या दिवशी नेमकी संकष्टी!

खिचडी शिजवणाऱ्या बाईंना म्हणाले, “गयाबाई, जरा चाखून बघता का?”

“अहो गुरुजी, मलाबी उपास हाय!”

झालं! दोन उपास आणि साठ पोरं! हसताय काय? गुरुजींनी वहीत लिहिलं, ‘चव उत्तम’. केली सही. फळ्यावरही तेच लिहिलं, ठसठशीत!

पोरं पंगतीत बसली. ताटं वाढली. श्लोक सुरू झाला. इकडे गयाबाई मिठाचा डबा उचलून ठेवतेय, तर बोटं बुळबुळीत! “अगं बाई! मीठ न्हाई ह्ये! धुण्याचा सोडा!”

गुरुजी धावले, मंडळी! धोतर सावरायचं भान नाही! आणि श्लोक... श्लोक संपलेला!

“थांबा! कुणी खाऊ नका!”

पहिल्या घासालाच पोरांनी थू थू केलं होतं. पण तिसरीतली तेजू! ओठ लाल, डोळ्यांत पाणी, आणि पोर गिळतेय! तिसरा घास! गुरुजींनी ताट भिरकावलं, चुळा भरायला लावल्या, उचललं, जीपमध्ये घातलं. तालुक्याचा दवाखाना नऊ मैल. आणि वाटेत रेल्वेचं फाटक बंद! तेजूला बोलता येईना. गुरुजी देवाला म्हणतात, “माझा जीव घे रे, हिचा नको!” फाटक काही उघडेना.

पोर वाचली. वाचली, मंडळी, घाबरू नका. संध्याकाळी तिला आवाज फुटला. गुरुजी उशाशी बसलेले. म्हणाले, “वेडे, एवढं कडू लागलं, तर थुंकलीस का नाही गं?”

ती म्हणाली, “मला वाटलं माझीच जीभ चुकतेय. तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं ना, गुरुजी.”

चंद्रोदय झाला. पण गुरुजींना उपास सोडवेना. घशाखाली घास उतरेल कसा?

आणि तुम्ही माना काय हलवताय? खरमाटे गुरुजींना नावं ठेवायला सोपं आहे! तुमच्यात कुणी सरपंच, कुणी मास्तर, कुणी मुलीला स्थळ सुचवणारे मामा. न बघता ‘चांगलं आहे, बिनधास्त जा’ असं शेवटचं कधी म्हणालात? आणि तुमच्या शब्दावर विश्वासून, तोंड भाजत असतानाही, ते कोण गिळतंय आत्ता?