दिसायला झोपलेला

(शीतगृहाच्या ऑफिसातला व्हरांडा. बाकड्यावर तिघं. समोर चौकशीची खोली, दार बंद.)

बायको : मामा, पाचव्यांदा वाचताय तो कागद. त्यातली अक्षरं बदलणार आहेत का? चारला आत बोलावलंय, पावणेचार होऊन गेले.

मामा : चष्म्याला घाई कळत नाही गं. हां, ऐका. ‘दुपारी तीन वाजता मशीनरूमच्या काचेतून पाहिले असता ऑपरेटर खुर्चीवर अ‍ॅपरंटली झोपलेला होता.’

नवरा : म्हणजे उघड उघड झोपलेला. आमच्या टाइमकीपरनं अर्थ सांगितला कालच. संपलं की मग.

मामा : टाइमकीपरला घड्याळ कळतं, जावईबापू. मी चाळीस वर्षं ऑफिसात इंग्रजी टाइप केलंय. उघड उघड असतं, तर साहेबानं सरळ ‘झोपलेला होता’ लिहून पूर्णविराम दिला असता. हा शब्द म्हणजे ‘दिसायला तरी’. जागेवर जाऊन बघायचा कंटाळा आला की आम्ही हा शब्द घालायचो. एकदा एक गोदाम मी ‘अ‍ॅपरंटली रिकामं’ लिहून पाठवलं. आत निघाला सर्कशीचा उंट.

बायको : मागच्या वेळी घोडा होता.

मामा : दिसायला घोडाच होता. सांगायचा मुद्दा, माझी नोकरी गेली नाही. शब्दानं वाचवलं.

बायको : यांची जायची वेळ आलीये. सिद्ध झालं तर महिनाअखेर क्वार्टर खाली. बावीस वर्षांचा संसार कुठे नेऊन ठेवू? अहो, पाय हलवू नका, बाकडं हलतंय.

मामा : काचेतून काय दिसलं असेल, ते सांगा.

नवरा : खुर्ची मशीनला लावलेली. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला. डोळे मिटलेले. आतला आवाज ऐकायचा तर डोळे मिटावेच लागतात. आम्ही सगळे तसंच ऐकतो.

मामा : मग जिंकलो. उत्तरात लिहितोच, ‘मी जागा होतो आणि…’ हात का धरला?

नवरा : तेवढं नका लिहू.

बायको : का?

नवरा : डोळे कामासाठीच मिटले होते. मग ते तसेच राहिले.

बायको : म्हणजे झोपलात.

नवरा : मशीन एका सुरात चाललं की लागतो डोळा. पण सूर बदलला तसा उठलो. बेअरिंग घासत होतं. तीन दहाला हे मशीन बंद करून दुसरं चालू केलं. वहीत आहे. फिटरनं उघडलं तर आत लोखंडाचा नुसता भुगा. आणखी तासभर चाललं असतं तर मशीनही गेलं असतं नि शीतगृहातला मालही.

मामा : झोपलेला माणूस मशीन बंद करत नाही. हे लिहितो. आणि साहेबांना दोनच प्रश्न. दार उघडलंत का? हाक मारलीत का?

बायको : आणि त्यांनी उलट यांनाच विचारलं, झोपला होतास का, तर?

मामा : तर म्हणायचं, ‘नाही.’ बघितलंय कुणी?

नवरा : बावीस वर्षं त्या वहीत खोटा आकडा लिहिला नाही मी, मामा. विचारलं तर सांगेन, डोळा लागला होता. कान मशीनलाच होता.

मामा : हे मी इंग्रजीत कसं बसवू?

नवरा : नका बसवू. मी तोंडानं सांगेन.

मामा : अवघड आहे. विश्वास कोण ठेवणार? मी इतकी वर्षं थापा मारतोय, पण ही मलासुद्धा सुचली नसती.

बायको : थाप नाहीये ती. घरी मी बोलत असते तोवर हे खुशाल घोरतात. मी गप्प झाले की ताडकन उठून बसतात, ‘काय झालं?’ म्हणून. पहिल्या वर्षी मला राग यायचा. वाटायचं, ऐकतच नाहीत.

मामा : मग तूच चल साक्षीला.

बायको : येईन. पण साहेब विचारतील, इतकं बोलतेस तरी काय. ते कुठे सांगत बसू? किराणा, नळ, धाकटीची शाळा, वरच्या मजल्यावरचं भांडण, आणि…

मामा : दार उघडलं बघा. शिपाई खुणावतोय.

नवरा : काय झालं?

बायको : कुठे काय.

नवरा : बोलायची थांबलीस.

बायको : जा आता. वरचं बटण लावा शर्टाचं.