पडेगाव दर्शनची वायर

आशाताई : चांदभाई, काढा त्यांची वायर आणि आपली लावा. सात वाजत आले.

चांदपाशा : काढा म्हन्ल्यानं कसं चालंल, ताई? सकाळीच नेटवर्कचा मानूस बजावून गेला. आजपासून आपल्या चॅनेलच्या नंबरवर मुंबईच्या बातम्या. तुमच्या बंद.

आशाताई : मुंबईवाल्यांना औरंगाबाद दिसत नाही, पडेगाव काय दिसणार? टाकीत विष कालवलं अशी अफवा उठलीय, बायका हंडे गटारात ओततायत. चार दिवसांनी आलेलं पाणी.

चांदपाशा : आमच्या जहांआरानं बी ड्रम आडवा केला. मी बघतच राह्यलो.

आशाताई : मी टाकीवरूनच येतेय. पाणी शुद्ध करायचं औषध जास्त पडलं, त्याचा वास आहे. इंजिनिअर माझ्यासमोर ग्लासभर प्यायला. कॅमेऱ्यात आहे सगळं.

चांदपाशा : बसा की जरा. कवाच्या येरझाऱ्या घालताय.

आशाताई : बसवत नाही. टाकीवर पाणी सोडणाऱ्या कडूबाला लोकांनी मारलं, यानंच विष टाकलं म्हणून. दुकानवाल्या फकिरानं त्याला आत घेऊन शटर ओढलंय. बाहेरून बडवतायत.

चांदपाशा : या अल्ला. कडूबा तर मुंगी मारनार नाय.

आशाताई : मग?

चांदपाशा : माझं बी ऐका, ताई. गच्चीवर डिशची छत्री लावली तवा डोक्यावर कुनी नव्हतं. लग्नाच्या कॅसेटी, उरूस, तुमच्या बातम्या, लई मजेत चाललं. मग लोकांना समदे चॅनेल पायजेत म्हनून संगम नेटवर्कवाल्यांना जोडलो. त्यांनी धंदा डेक्कनवाल्यांना इकला. त्यांनी आपल्या चॅनेलचं पडेगाव दर्शन हे नावच पुसलं. आता हे तिसरे. वायर काढली तर लाईनच तोडतील. इतकी वर्षं गेली माझी ह्याच्यात.

आशाताई : माझीही गेली. शाळेतली नोकरी सोडून आले होते मी इथं.

चांदपाशा : थांबा, फोन हाय... हां, फकिरा. बोल... बरं. बरं, ठेव.

आशाताई : काय म्हणतो?

चांदपाशा : शटर वाकलं म्हनतो. बसा खुर्चीत. लाईट लावतो.

(बातम्या वाचून होतात. दिवा तसाच जळतो आहे.)

आशाताई : कळलं का काही?

चांदपाशा : फकिराच्या दुकानासमोरच्या हॉटेलात टीव्ही चालू व्हता. तुमचं ऐकून निम्मे घरी गेले. बाकीचे नुसते हुबे राह्यले. तेवढ्यात पोलिसांनी कडूबाला गाडीत घातला. कपाळाला टाके पडतील, पन चालत गेला.

आशाताई : आणि नेटवर्कवाले?

चांदपाशा : दोनदा फोन आला. सकाळी लाईन तोडनार.

आशाताई : मग आता त्यांची वायर कशाला हातात घेतलीत?

चांदपाशा : पायात येत व्हती, बाजूला टाकतोय. तुमी परत एकदा वाचा, ताई. पान्याचं जरा सावकाश. कंपनीची पाळी सुटून लोक आत्ता घरी पोचतील.