पाटीवाली बाई कुठंही जाणार नाही

(कसबे हिप्पळगाव इतिहास मंडळाचे चिटणीस पिराजी मास्तर माळाळे यांनी स्वतःच्याच निरोप समारंभात केलेलं भाषण. मे १९८४.)

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, सहकारी साखर कारखान्याचे संचालक आणि आमच्या इतिहास मंडळाचेही अध्यक्ष, माननीय आबाराव. लोहाऱ्याहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, धूळ खात इथवर आलेले प्रमुख पाहुणे. व्यासपीठावर माझ्या शेजारी बसलेले आणि मघापासून माझ्याकडं न बघणारे कार्यकारिणीचे सन्माननीय सदस्य. मांडवात उन्हाच्या झळा सोसत बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो, वडीलधाऱ्यांनो. आणि ज्यांना मी छडी मारून पाढे शिकवले ते आज मिशीला पीळ देऊन बसलेले माझे विद्यार्थी, आपणा सर्वांना जयभीम, नमस्कार आणि सलाम.

निरोपाच्या भाषणात माणसानं गहिवरून बोलावं असा रिवाज आहे. मीही धुतलेला रुमाल आणलाय. पण गहिवरण्याआधी एक शंका विचारू का? मला निरोप कशाचा देताय? शाळेतून मी ऐंशी साली निवृत्त झालो, तो निरोप झाला, त्यात मिळालेलं घड्याळ बंदही पडलं. राहिलं मंडळाचं चिटणीसपद. त्याचा राजीनामा दिल्याचं मला तरी आठवत नाही. गेल्या महिन्यात मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला सोलापूरला होतो. पट्टी सोडून परत आलो आणि नव्या डोळ्यानं पहिली वाचली ती या समारंभाची पत्रिका. "वाढते वय व ढासळती प्रकृती ध्यानी घेऊन मास्तर स्वखुशीने निवृत्त होत आहेत." डॉक्टरांचे आभार मानले पाहिजेत, अक्षर न् अक्षर स्पष्ट दिसलं. स्वखुशी कुणाची, एवढंच छापायचं राहून गेलंय.

हसा, हसा. आता जे सांगणार आहे त्याला हसू यायचं नाही.

मी दवाखान्यात असताना कार्यकारिणीनं एक ठराव केला. आपल्या संग्रहाच्या खोलीला भिंती आहेत, वर छप्पर नाही. ते छप्पर कारखाना घालून देणार. फार चांगलं. बदल्यात पाटीवाल्या बाईचा दगड कारखान्याच्या गेटाजवळच्या बागेत, कारंज्याशेजारी उभा करायचा. आणि खोलीतले बाकीचे सदतीस तुकडे? ठरावातले शब्द जसेच्या तसे सांगतो: "निरुपयोगी तुकडे फरशीखालील भरावात वापरावेत." उद्या सकाळी आठला चाँदपाशांची ट्रॉली सांगितलेली आहे. चाँदपाशा ते मागं खांबाला टेकून उभे आहेत, त्यांचा काही दोष नाही, भाडं मिळालं की माणूस जाणारच. दोष हा की गावाला कुणी काही सांगितलं नाही. म्हणून मी सांगतोय.

पाहुणे म्हणत असतील, एका दगडासाठी म्हातारा एवढा का तापलाय? साहेब, तुम्हाला आमच्या बाईची ओळख नाही. ती करून देणं माझं कर्तव्य आहे.

बहात्तर साल. विहिरी तळाला गेलेल्या, ताटात परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी, आणि सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला. शाळेत पोरंच येईनात, म्हणून मला मास्तरला तिथं हजेरीपट धरायला बसवलं. मजुरी ब्रासच्या मापानं. एका आठवड्यात माप काही भरेना, जवळपासचा दगड संपत आलेला. तेव्हा ओढ्याकाठी रांगेनं उभे असलेले बारा जुने दगड मी बोटानं दाखवले. मुकादमानं नाही, सरकारनं नाही, मी, पिराजी माळाळेनं दाखवले. म्हणालो, "ते फोडा की. म्हशी अंग घासतात, दुसरा काय उपयोग आहे त्यांचा?" त्यांच्यावर कोरलेली माणसं होती, घोडे होते, चंद्र-सूर्य होते. आणि मी सातवीला इतिहास शिकवत होतो हो! सनावळ्या घोकून घेत होतो! दोन दिवसांत अकरा दगडांची खडी झाली. ज्या रस्त्यानं आज पाहुण्यांची जीप आली, त्याच रस्त्याखाली ती दाबली गेली.

बाराव्या दगडावर मथुराबाई जाऊन बसल्या. या पुढच्या रांगेत आहेत, हिरव्या लुगड्यातल्या. तोंडाला पदर लावू नका, मथुराबाई, तुमची लाज नाही, माझी लाज सांगतोय. मुकादम ओरडला, मीही ओरडलो. या म्हणाल्या, "मास्तर, हिच्या डोक्यावर पाटी हाय. म्या बी पाटीच वाहते. आपल्यातल्या बाईवर म्या घण घालनार न्हाय आन् कुनाला घालू देनार न्हाय. मांडा माझा खाडा."

आणि मी खाडा मांडला! तीन दिवस मथुराबाई त्या दगडावर उन्हात बसून होत्या, आणि तीन दिवस मी त्यांच्या नावापुढं गैरहजर लिहिलं. घरात खाणारी पाच तोंडं होती. बारा वर्षांनी भर मांडवात कबूल करतो, मथुराबाई, माझ्या सबंध नोकरीत मी याच्याइतकं हलकं काम दुसरं केलं नाही.

ती बाई कोण, मला माहीत नाही. सोलापूरहून एक विद्वान आले होते, दोन तास भिंग लावून बघितलं, चहा घेतला आणि म्हणाले, निश्चित सांगता येत नाही. कुणी देवी म्हणतं, कुणी तळं खोदताना मेलेली मजूर म्हणतं. डोक्यावर पाटी आहे, एक हात पाटीला, एक कमरेवर, आणि मान ताठ. एवढं दिसतं ते आम्हाला पुरेसं आहे.

पाऊस आला, चौऱ्याहत्तर साली ज्वारी खळ्यावर पडली, तेव्हा मंडळ काढलं. एका बुजुर्गानं मला विचारलं, "मास्तर, तुमच्या लोकांना या जुन्या दगडाधोंड्यांचं काय करायचंय?" मी म्हणालो, "काका, हे दगड डोंगरातून इथवर वाहून कुणी आणले असतील? तुमच्या आजोबांनी?" त्यांनी पान लावायला घेतलं, विषय संपला. बाईसाठी खोली बांधायची, तर निधी जमवायचा कसा? पावती पुस्तक घेऊन हिंडलो असतो तर मोठ्या घरांनी मोठा आकडा टाकला असता आणि लहान घरांनी दार लोटून घेतलं असतं. म्हणून दरसाल सुगीला पाटीचा कार्यक्रम. एका उंबऱ्याची एक पाटी ज्वारी. वाड्यातून आली तरी एक, पालातून आली तरी एक. दुसरी आणली तर परत. आणि ज्या उंबऱ्याची पाटी आली, तो उंबरा मंडळाचा सभासद. पहिल्या साली आबारावांनीही स्वतः डोक्यावर पाटी घेऊन आणली होती. तेव्हा ते संचालक नव्हते, आणि खरं सांगू का, फार शोभून दिसत होते.

पाटीच्या दिवशी कुस्त्या व्हायच्या, गाणं व्हायचं. एका साली माझ्याच चुकीनं भजनी मंडळ आणि कव्वालीवाले एकाच दुपारी येऊन थडकले. दोघंही हटेनात. शेवटी एक भजन, एक कव्वाली, असं दिवस मावळेपर्यंत चाललं. अशी गर्दी परत कधी झाली नाही. त्या साली दक्षिणेकडची भिंत खांद्याएवढी आली.

पण मला सांगायचंय ते शहात्तर सालचं. कोंडिबा तात्यांची पाटी रिकामी करायला घेतली तर उचलेना. हात घातला, ज्वारीखाली धोंडा! मी आपला स्वभावाप्रमाणे तापलो. चारचौघांत म्हणालो, "तात्या, मंडळाला फसवता? धोंडा घालून पाटी भरता?" तात्यांचं तोंड एवढंसं झालं. म्हणाले, "मास्तर, शिव्या मागनं द्या. आदी पुसून तरी बगा." पुसला. घोड्याचं अर्धं तोंड, आणि त्यावर लगामाची कोरलेली दोरी. तात्या म्हणाले, "फोडायला म्याच फोडला हुता. पर ह्यो तुकडा ढिगावर टाकवंना. लई दिस गोठ्यात ठिवला. आता ठिवा तुमच्याकडं."

साहेब, त्या दिवशी कळलं की गावानं दगड फोडले, पण सगळे टाकले नव्हते. पुढच्या साली पाट्या जडच येऊ लागल्या. वर ज्वारी, खाली तुकडा. कुणी उंबऱ्याखालून उपटून आणला, कुणी धुण्याचा दगड आणला. पाटी ठेवायची आणि बाजूला उभं राहायचं. शरिफाबींनी चुलीचा तिसरा दगड आणला, काजळीनं काळाकुट्ट. राखेनं घासला तर ढाल धरलेला हात! म्हणाल्या, "इत्ते साल इसपे रोट्यां पकाई, मास्तर. अब तुमीच सम्हालो." घरी जाऊन त्यांना नवी चूल मांडावी लागली.

हे ते निरुपयोगी तुकडे. हे सदतीस तुकडे म्हणजे या गावानं मान खाली घालून परत आणलेली आपली चूक आहे. ती फरशीखाली गाडायची? आणि त्या फरशीवर उभं राहून आम्ही इतिहासावर व्याख्यानं ठेवायची? जमणार नाही! माझ्या जिवात जीव आहे तोवर तर जमणारच नाही.

आबाराव, तुमच्या बोलण्यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणत नाही. तुम्ही म्हणता, पाट्यांनी छप्पर व्हायला अजून दहा वर्षं लागतील. खरं आहे. बऱ्या सालात शंभरावर पाट्या येतात, वाईट सालात चाळीस. मग लागू द्या दहा वर्षं! मी नसेन, दुसरं कुणीतरी पाट्या उचलेल. ती बाई ओढ्याकाठी शेकडो पावसाळे उभी होती, तिला छपराची घाई नाही, घाई तुम्हाला उद्घाटनाची आहे. कारखान्याशी माझं वैर नाही, माझ्या भावाचा ऊस तिथंच जातो. ऊस तुमचा, साखर तुमची, बाग तुमची, कारंजंही तुमचंच. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा बायका भांडी घेऊन पळतात, आणि आमच्यातली एक बाई तुम्ही कारंज्याशेजारी शोभेला ठेवणार! काही वाटतं का हो?

आता थोडं कायद्याचं बोलतो. मंडळाची घटना मी लिहिली आहे, कार्यकारिणीतल्या कुणी ती वाचली असती तर आज हा मांडव घातला नसता. कलम सात. सात दिवस आधी सूचना देऊन बोलावलेले शंभर सभासद अध्यक्षांसमोर एकत्र बसले, तर ती सर्वसाधारण सभा होय. आणि तिच्यापुढं कार्यकारिणीचा ठराव टिकत नाही. पत्रिका नऊ दिवसांपूर्वी घरोघर वाटलीत. दवंडीही दिलीत. अध्यक्ष हे बसलेत. आणि मी मघा हार गळ्यात घेऊन बसलो होतो तेव्हा तुम्हाला वाटलं मी भारावलोय. मी मोजत होतो. एकशे एकतीस उंबरे हजर आहेत. इतकी माणसं मला दहा वर्षांत एका सभेला जमवता आली नव्हती. कार्यकारिणीचे मी मनःपूर्वक आभार मानतो.

ऐनवेळचा विषय अध्यक्षांच्या परवानगीनं घेता येतो. आबाराव, मला माइक देताना तुम्हीच म्हणालात, "मास्तर, आज मनात असेल ते सगळं मांडा." सगळ्यांनी ऐकलंय. तर मांडतो. ठराव असा: पाटीवाल्या बाईचा दगड आणि सदतीसच्या सदतीस तुकडे गावातच, त्याच खोलीत राहतील, कुणाच्याही देणगीच्या बदल्यात त्यातला एक कणही हलणार नाही.

मंजूर असेल त्यांनी हात वर करा. सावकाश. एका उंबऱ्याचा एक हात. मथुराबाई, दोन्ही नाही, एकच. कोंडिबा तात्यांना जरा कुणीतरी धरा, उभे राहायला बघताहेत. बसून चालतं, तात्या. शरिफाबी, दिसला. तो मागचा कोपरा, हात वर ठेवा, मोजू द्या... चाँदपाशा, तुमचा हात कसा वर? उद्याचं भाडं बुडेल! काय म्हणता? मोठ्यानं बोला, पाहुण्यांना ऐकू द्या. "मेरी भी पाटी है उसमें, मास्तर." बरोबर आहे. धरला तुमचा हात.

एकशे अठरा. आबाराव, तुमचाही एक उंबरा आहे. हात टेबलावर आहे, वर नाही, खाली नाही. घाई नाही, मी थांबतो.

...आला! थोडाच आला, पण आला. टाळ्या नकोत, टाळ्या वाजवल्या की हात खाली येतात. एकशे एकोणीस. ठराव मंजूर.

पाहुण्यांना आम्ही निरोपाला बोलावलं आणि सभेला बसवलं, त्यांच्या सोशिकपणाला माझा नमस्कार. मांडव घालणाऱ्यांचे, पाणी देणाऱ्यांचे आणि पहाटेपासून चुरमुऱ्यांचा सुशीला परतत असलेल्या बायकांचे आभार. खाल्ल्याशिवाय कुणी जायचं नाही. शाल मी ठेवून घेतो, चिटणीसाला थंडीत लागेल. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाला अरेतुरे झालं असेल, एखादं साल पुढं-मागं झालं असेल, तर म्हातारा म्हणून पोटात घाला. जे समजून-उमजून बोललो, त्याची माफी मी मागत नाही.