साडेसहाशे घोड्यांची उचल

बोला, मारुतीरायाचा विजय असो!

हे काय? जेवणं राहिलीत का तुमची? वाऱ्याच्या लेकाच्या दारात बसलाय, जरा दणकून होऊ द्या की! विजय असो! हां— आता कसं!

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन आलोय. मोठा कोण? ज्याच्या अंगात जोर आहे तो, की ज्याच्या अंगात उचल आहे तो? ओ पाटील, हसू नका, कारखान्याची उचल नव्हे! गाडीची उचल. ही पोरं पिकअप म्हणतात ना, ती. जोर म्हणजे किती आहे. आणि उचल म्हणजे? वेळेला किती लवकर उठतो! आता सांगा, मोठा कोण? नाही सांगता येत? मग आख्यान ऐका.

कोल्हापूरकडं जयसिंगराव इंगवले म्हणून एक फौंड्रीवाले आहेत. भला माणूस. दरवर्षी अन्नदान, देवळाला पत्रे, सगळं करतात. नाद एकच— गाडी! त्यांनी एक परदेशी गाडी आणली. नाव मला विचारू नका, जीभ वळत नाही. त्या गाडीच्या तीन आवृत्त्या असतात. दिसायला तिघी सख्ख्या बहिणी. फरक कुठं? पोटात!

धाकटीच्या पोटात तीनशे घोडे. मधलीच्या साडेचारशे. आणि थोरली? साडेसहाशे! अहो, साडेसहाशे घोडे! एकाला चंदी घालताना आपल्या बापजाद्यांचे डोळे पांढरे व्हायचे! उभ्या गाडीनं शंभराचा वेग गाठायला धाकटीला साडेपाच सेकंद लागतात. मधलीला चार. थोरली तीन सेकंदांत शंभरावर! आता गंमत बघा. घोडे दुपटीच्या वर, किंमत दुप्पट— आणि वेळ वाचला किती? अडीच सेकंद. का? तर जोर वाढला, पण टायरनं जमीन धरायला नको? नुसता जोर जागेवरच गरगरतो.

मला एकदा त्यांनी एका जुन्या धावपट्टीवर नेऊन थोरलीत बसवलं. गाडी इतकी बुटकी, की बसलो का पडलो तेच कळेना! मी धोतर सावरतोय, तर म्हणतात, "बुवा, राम म्हणा." मी तोंड उघडलं— 'रा' म्हणालो या टोकाला, 'म' निघाला त्या टोकाला! छातीवर कुणीतरी पाय देऊन उभं राहिल्यासारखं झालं. डोळ्यांतलं पाणी कानात गेलं.

हसा, हसा. पण गाडी थांबली आणि मी खरंच रडलो हो! भीतीनं नव्हे. लोखंड, रबर, तेल— आपल्यासारख्याच दोन हातांच्या माणसांनी जुळवलं, आणि त्यातनं एवढा वारा उठला! माणसानं केलेला वारा असा, तर ज्यानं खरा वारा केला तो केवढा असेल? माझे हात आपोआप जोडले गेले. शेजारी बघतो तर जयसिंगराव मान खाली घालून बसलेले. मग त्यांनी मला जे सांगितलं, ते आता तुम्हाला सांगतो.

तीच धावपट्टी. विमानं कधीच बंद झालेली. दोन्ही अंगांना कमरेएवढं गवत. रविवारी सकाळी गाड्यांच्या नादाची मंडळी तिथं जमायची. त्या दिवशी ठरलं— तिन्ही आवृत्त्या एकदम सोडायच्या. थोरलीत जयसिंगराव. मधलीत त्यांचे एक मित्र. आणि धाकटीत त्यांची चुलत बहीण केतकी.

"केतकी, बैलगाडी जरा कडेला घे तुझी!"

"बघू की दादा! बैलांनाच वाट माहीत असते."

गाड्या रेषेवर आल्या. थोरलीला सोडायची रीत निराळी. डाव्या पायानं ब्रेक दाबायचा आणि उजव्यानं ॲक्सिलरेटर. दोन्ही गच्च! आत साडेसहाशे घोडे खुरं आपटतायत, गाडी थरथरतेय, आणि चाक तसूभर हलत नाही. झेंडेवाल्यानं झेंडा वर केला...

"आई गं! घोणस! घोणस चावली!"

गवतातनं आवाज. गजराबाई म्हणून एक म्हातारी होती. लोकांनी फेकलेल्या पाण्याच्या बाटल्या वेचायची. बाटलीसाठी गवतात हात घातला, आणि तिथंच जनावर!

झेंडा वरच राहिला. आणि केतकीनं काय करावं? विचार नाही, विचारणं नाही— गाडी वळवली ती सरळ गवतात! खालून दगड घासले, खर्रर्र! दार उघडलं. "आजी, बसा!"

आणि म्हातारी काय म्हणते? "पोरी, चिखूल हाय गं अंगाला. गादी खराब हुईल."

"होऊ दे! बसा आधी!"

गाडी गेलीसुद्धा. मधलीवाल्यानं काय केलं विचारता? मोबाईल काढून शूटिंग! प्रत्येक गावात एक असतो. इकडं तिकडं बघू नका, मी नाव घेणार नाही.

आणि थोरली? साडेसहाशे घोडे? जागेवर! जयसिंगरावांनी ॲक्सिलरेटर सोडला, पण ब्रेकवरचा पाय काही निघेना. मनात काय चाललं होतं, ते त्यांनीच मला सांगितलं. केतकी गेलीय की. दोघांनी जाऊन काय करायचं? ॲम्ब्युलन्सला कुणीतरी फोन केलाच असेल. म्हातारीचं बरंवाईट झालं, तर पोलिसांची भानगड नको. मंडळी, यातला एक तरी विचार चुकीचा आहे का? नाही! तिथंच तर घात आहे. वाईट विचार आला तर माणूस दचकून उठतो. शहाणा विचार त्याला मांडी घालून बसवतो. अशी पाच मिनिटं गेली.

मग त्यांची नजर समोर गेली. गवतातनं धावपट्टीवर एक काळी रेघ आली होती. तेल! फौंड्रीवाला माणूस, लगेच कळलं. दगडांनी केतकीच्या गाडीचं पोट फुटलंय. इंजिन फार लांब जाणार नाही. आणि त्या गाडीत म्हातारी आहे!

तेव्हा पाय उचलला, मंडळी. सुटले!

फाट्याच्या पुढं धाकटी गाडी बंद पडलेली. केतकी रस्त्यात उभी राहून ओढणी हलवतेय. दोन गाड्या न थांबता निघून गेल्या होत्या. बांधावर गजराबाई आडवी, हात कोपरापर्यंत सुजलेला, ओठ सुकलेले. जयसिंगरावांनी तिला उचलून घेतलं. तिनं डोळे किलकिले केले आणि म्हणाली,

"आलास व्हय बाबा? लई लांबनं आलास जणू."

लई लांबनं! अहो, तिला जिथं चावलं तिथनंच तो माणूस आला होता! वीस हातांवर बसला होता! म्हातारीच्या बोलण्यात टोमणा नव्हता हो, कौतुक होतं. माझ्यासाठी बिचारा लांबनं आला! जयसिंगराव सांगताना लहान पोरासारखे रडले. म्हणाले, "बुवा, तिला काय सांगू? खरंच लांबनं आलो होतो. सीटपासून."

केतकीनं म्हातारीला मांडीवर घेतलं, आणि थोरलीनं दवाखाना गाठला. इंजेक्शनं लागली. आठवडाभर आज आहे उद्या नाही असं चाललं होतं— पण वाचली, मंडळी, गजराबाई वाचली! बोला, मारुतीरायाचा विजय असो!

जोर नसता तर पुढची वाट कापली नसती, हे मीही मानतो. थोरलीनं ती वाट अशी कापली की केतकी म्हणते, झाडं दिसलीच नाहीत. देवानं दिलेला जोर खोटा नव्हे! पण हिशेब बघा. ज्या अडीच सेकंदांसाठी दुप्पट पैसा ओतला, तिथं पाच मिनिटं नुसती बसून घालवली. आणि धाकटीच्या पोटात निम्मे घोडे, पण ती बाई आधी उठली होती!

आता जयसिंगरावांना सोडा. त्यांनी स्वतःचं सांगितलं, मोकळे झाले. आता मी तुमच्याकडं वळतो. सावध व्हा.

या मांडवात एक तरी माणूस असा आहे, ज्याच्याकडं तुम्हाला जायचंय. कुणाचा भाऊ आहे, बांधावरनं बोलणं तुटलंय. कुणाची जाऊ आहे. कुणाच्या मित्राचं पोर गेलं, आणि काय बोलावं सुचेना म्हणून तुम्ही गेलाच नाहीत. सणाला जाईन. तो आधी आला तर जाईन. आज काय, कीर्तन आहे. सगळे शहाणे विचार! आणि तो माणूस तिथं बसलाय, त्या खांबाशी. किती लांब आहे हो तो?

पेटी थांबवा. तबला थांबवा. आरती नंतर होईल, देव थांबतो. मी आता गप्प उभा राहणार आहे.

...

हां! तिकडं उठलं कुणीतरी.

वळून काय बघताय त्याच्याकडं? उठा!