क्लच हवाच

फिजिओथेरपीच्या दवाखान्यात आम्ही नंबराची वाट बघत होतो. समोर दोघे भाऊ. थोरला चाकांच्या खुर्चीत, डावा पाय पट्ट्यांत बांधलेला, हातात मोबाइल. धाकटा शेजारच्या बाकावर. थोरला मोबाइलवरून वाचून दाखवू लागला.

“कंपनीच्या नव्या स्पोर्ट्स सेडानमध्ये काय हवं, आपल्या गाडीवेड्यांच्या ग्रुपने नावं न दाखवता मतं घेतलीत. इंजिनाचा आवाज खरा हवा, स्पीकरमधला नको. सगळे हो म्हणालेत.”

“बरोबरच आहे.”

“क्लच हवाच, गिअर हातानेच टाकायचे. ह्याला मात्र एक नकार! कोण हे गाढव? ऑटोमॅटिक पाहिजे म्हणे! एवढी जातिवंत गाडी, आणि ह्याला झोपाळ्यात बसायचंय!”

“दादा, हळू बोल.”

“का हळू? असल्यांनीच गाड्यांची वाट लावली. समोर येऊ दे, कानाखाली वाजवतो.”

“वाजव मग. मीच तो.”

“तू? अरे, तुला गाडी शिकवली कुणी?”

“तूच. म्हणूनच. क्लच डाव्या पायाने दाबतात, दादा. आणि मला अजून तुझ्या शेजारच्याच सीटवर बसायचंय.”

“मत मागे घे.”

“नाही घेत.”

“घे म्हणतो ना! आणि ढकल खुर्ची, नंबर आलाय आपला. गाडी बाजारात यायला अजून वर्ष आहे. तोवर क्लच दाबेल हा पाय!”