डोक्यावरची घागर

हॅलो?… हो, श्रीपादकाकाच बोलतोय. बोल प्रतिमा… अगं, रडतेस कशाला? आधी पाणी पी… प्यायलीस? हं, आता सांग.

…वाचलं ना. पान तीन. 'पनिहारिन', छायाचित्रकार सतीशसाहेब. 'आमेरला तीन दिवस पहाटे थांबलो, तेव्हा कुठे घागर घेतलेली ही बाई मिळाली.' कात्रण काढून ठेवलंय मी.

अगं ऐक ना… तो फोटो तुझ्या गौतमीनं काढलाय, हे मला सांगतेस? मुरलीपुऱ्याला तुमच्याच गच्चीवर मी तिच्या मागे उभा होतो. पहाट कसली, सूर्य बुडत होता. मी एवढंच म्हणालो, 'उजेड आकाशाचा मोज, आजीचा नको. आजी काळी येईल, आकाश लाल.' बाकी सगळं त्या अकरा वर्षांच्या पोरीचं.

हो, हो… प्रदर्शनासाठी माझ्या फोटोच्या वर्गातल्या मुलांचे फोटो निवडायला त्यांच्याकडे दिले मीच. मला म्हणाले, एक हरवला. आणि मी विश्वास ठेवला!

…काय? गौतमी कॅमेऱ्याला हातच लावत नाही?… कधीपासून?… आठ दिवस?

नाही. आता मी सोडणार नाही. चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, दहादा चुकली तर दहादा माफ केलं. पण हे मूल नाही, प्रतिमा.

…ठाऊक आहे. तुझ्या नवऱ्याचे, पवनचे साहेब आहेत, बदली करतील. पवन काय म्हणतो?… 'जो होगा देखा जाएगा'? शाब्बास!

पण आरोप करायचाच नाही गं. ऐक. उद्या आदर्श नगरला मंडळात त्या फोटोचं बक्षीस घेतील, मग भाषण करतील. करू दे. आमेर, पहाट, घागर, सगळं बोलू दे. टाळ्या आपणच वाजवायच्या, जोरात. मग माझ्या वर्गातला कौशिक हात वर करेल. 'सर, घागरीत पाणी होतं का?'… काय म्हणणार? 'काठोकाठ होतं' म्हणतील. त्यांना काय माहीत, तो भोपळा होता!

…हस, हस. आठ दिवसांनी हसलीस. देठासकट भोपळा! काळा झाल्यावर देठाचा झाला घागरीचा गळा. तेवढ्यात गौतमीच्या आजी, यमुनाताई, स्टेजवर चढतील, डोक्यावर भोपळा घेऊन. तोंडातून एक शब्द नको. आणि निगेटिव्ह माझ्याकडे आहे. पुढच्याच फोटोत चुकून फ्लॅश उडालाय. आजी हसतेय, भोपळा लख्ख. तो दाराएवढा मोठा करून घेतलाय.

…कोण ओढतंय फोन? हॅलो? यमुनाताई? नमस्कार… याल ना?… सकाळपासून तयार आहात? वा!… काय? खाल्ला? घारगे केले?… अहो, पुरावा होता तो!… बरं, बरं, दुसरा आणा. देठ लांब बघून घ्या. आणि पदर तसाच, डाव्या बाजूला.

…गौतमीला द्या जरा… बोलणार नाही म्हणते? नको बोलू दे. नुसता कानाला लावा.

गौतमी?… नुसतं ऐक, बेटा. कॅमेऱ्यात रोल घाल. उद्या पहिल्या रांगेत बस. आजी वर आली की आजीकडे बघायचं नाही, सतीशसाहेबांकडे बघायचं. तोंड उघडं पडेल, त्याच क्षणी बटण… हॅलो?… हं, बोल, बोल ना… काय? त्यांनाही काळं करायचं?

नाही गं. उद्या फ्लॅश लाव. चेहरा ओळखू आला पाहिजे… हो. ठेवतो.